देखण्या ड्यूकचा हिशोब

३ मे १४५६. पॅरिसमध्ये ४७ वर्षांचा एक सरदार साक्ष देत होता. खटला होता एका मेलेल्या मुलीचा. २५ वर्षांपूर्वी, ३० मे १४३१ या दिवशी, रुआँ शहराच्या बाजारचौकात तिला पाखंडी ठरवून जिवंत जाळलं होतं. तो निकाल चुकीचा होता का, याची चौकशी आता चर्चने नव्याने मांडली होती. तिला ओळखणारी माणसं एकेक करून बोलावली जात होती. मुलीचं नाव जोन ऑफ आर्क. साक्षीदाराचं नाव जाँ, आलाँसोंचा ड्यूक.

जाँ भरभरून बोलला. ती पहिल्यांदा भेटली तो दिवस, तिने भाला चालवला तो दिवस, तोफा कुठे लावायच्या हे तिला किती अचूक कळायचं, तिने त्याचा जीव कसा वाचवला, सगळं बोलला.

त्याच महिन्याच्या शेवटी, त्याच शहरात, त्याला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. फ्रान्सच्या राजाविरुद्ध तो इंग्रजांशी संधान बांधत होता. म्हणजे जोनला ज्यांनी जाळवलं, त्यांच्याशीच. त्याला पकडायला आलेला माणूस होता द्युन्वा. ऑर्लेआँच्या वेढ्यात जोनच्या खांद्याला खांदा लावून लढलेला, पुढे जाँच्या हाताखालीही लढलेला, आणि त्याच चौकशीत काही महिन्यांपूर्वी तिच्या बाजूने साक्ष देऊन गेलेला. शिवाय जाँच्या पहिल्या बायकोचा तो काका.

७ जुलै १४५६ रोजी जोनविरुद्धचा निकाल रद्द झाला, तेव्हा तिचा हा साक्षीदार तुरुंगात होता.

ही साक्ष मी एका रात्री फोनवर इंग्रजी अनुवादात वाचली. जोनबद्दल वाचायचं म्हणून सुरुवात केली होती, पण या एका साक्षीपाशी थांबलो. बाकीचे साक्षीदार संतिणीबद्दल बोलतात. हा आपल्या मैत्रिणीबद्दल बोलतो. या माणसाचं पुढे काय झालं, म्हणून शोधायला गेलो आणि समोर आलं ते ‘फितुरी’. मग पुढचे कित्येक महिने मी त्याच्या घराण्याच्या मागे लागलो.

*

जाँचा जन्म २ मार्च १४०९चा, नॉर्मंडीतल्या आर्जाँताँच्या किल्ल्यातला. आलाँसोंचं घराणं म्हणजे फ्रान्सच्या राजघराण्याचीच धाकटी पाती. या घराण्याची वंशावळ कागदावर मांडली तर मजेशीर गोष्ट दिसते. जाँचे बापाकडून पणजोबा क्रेसीच्या लढाईत, १३४६ साली, फ्रान्सच्या राजासाठी लढताना मेले. राजा त्यांचा सख्खा भाऊ. आईकडून पणजोबा म्हणजे नाव्हारचा राजा शार्ल, ज्याला इतिहास ‘दुष्ट शार्ल’ म्हणून ओळखतो. तो आयुष्यभर फ्रान्सच्या राजाविरुद्ध कट करत राहिला, कधी इंग्रजांच्या मदतीने, कधी त्यांना फसवून. एक पणजोबा राजासाठी मेला, दुसरा राजावर टपून जगला. जाँच्या रक्तात दोघेही होते.

आता हे नातं बघा. जाँची आजी, म्हणजे आईची आई, नाव्हारची जोन. पहिला नवरा, ब्रिटनीचा ड्यूक, वारल्यावर १४०३ साली तिने इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीशी लग्न केलं आणि ती इंग्लंडची राणी झाली. तिचा सावत्र मुलगा म्हणजे पाचवा हेन्री. १४१५ साली हा पाचवा हेन्री फ्रान्सवर चालून आला आणि ऑक्टोबरात आजँकूरच्या चिखलात त्याने फ्रेंच सरदारांची एक अख्खी पिढी कापून काढली. इंग्रज या लढाईला ॲजिनकोर्ट म्हणतात. तिथे जाँचे वडील मारले गेले. जाँचा मामा आर्थर जखमी होऊन कैद झाला. म्हणजे इंग्लंडच्या राणीच्या सावत्र मुलाने तिचा जावई मारला आणि पोटचा मुलगा पकडला.

शाळेत ‘शतवार्षिक युद्ध’ असा धडा असतो. त्यातून वाटतं, एका बाजूला इंग्लंड, दुसऱ्या बाजूला फ्रान्स. जवळून पाहिलं तर ही भाऊबंदकी होती. देश ही कल्पना अजून घट्ट झाली नव्हती. घट्ट होती ती नाती, वतनं आणि जुने हिशोब.

वडील गेले तेव्हा जाँ सहा वर्षांचा होता.

*

१७ ऑगस्ट १४२४. व्हेर्नयच्या मैदानात फ्रेंच पुन्हा हरले. १५ वर्षांचा जाँ तिथे लढायला उतरला होता. नुकतंच लग्न झालेलं. तो इंग्रजांच्या हाती सापडला आणि समुद्राकाठच्या ल क्रोत्वाच्या किल्ल्यात कैदेत पडला.

त्या काळात पकडलेला सरदार म्हणजे बँकेतली ठेव. त्याला मारायचं नाही, खंडणी घेऊन सोडायचं. जाँची किंमत ठरली २,००,००० साल्यू, म्हणजे तेवढी सोन्याची नाणी. त्याची जहागीर तर इंग्रजांच्याच ताब्यात गेलेली. इंग्लंडचा कारभारी बेडफर्ड स्वतःला आलाँसोंचा ड्यूक म्हणवत होता. इंग्रजांच्या बाजूला जाण्याचा रस्ता जाँसाठी उघडा होता. आजूबाजूच्या कितीतरी जणांनी तो धरलाही होता. जाँने धरला नाही.

त्याने पैसे भरले. त्यासाठी फूजेर विकलं. फूजेर म्हणजे ब्रिटनीच्या सीमेवरचं तटबंदीचं श्रीमंत शहर. ते त्याने आपल्या दुसऱ्या मामाला, ब्रिटनीच्या ड्यूकला विकलं. भाचा कैदेत, मामा गिऱ्हाईक. अशा व्यवहारात भाव कोण ठरवतं, हे सांगायला नको.

जाँ बाहेर आला तेव्हा विशीत होता आणि त्याच्याकडे पदवी सोडून फारसं काही उरलं नव्हतं.

*

१४२९चा मार्च महिना. जाँ लोआर नदीकाठी सँ-फ्लोराँला लाव्हे मारायला गेला होता. एका माणसाने येऊन बातमी दिली की शिनोंच्या किल्ल्यात राजाकडे एक मुलगी आलीय, ती म्हणते मला देवाने इंग्रजांना हाकलायला पाठवलंय. दुसऱ्याच दिवशी जाँ शिनोंला गेला. हा कोण, असं तिने विचारलं. राजाने सांगितलं. त्यावर ती खूश झाली. फ्रान्सच्या राजरक्ताची जितकी माणसं एकत्र येतील तितकं चांगलं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. जेवणानंतर ती मैदानात भाला घेऊन दौडली. ते पाहून जाँने तिला घोडा बक्षीस दिला. ती १७ वर्षांची असेल, हा २०चा.

ती त्याला ‘माझा देखणा ड्यूक’ म्हणायची. त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला आणि बायकोला भेटून आली. बायको, ऑर्लेआँची जान, घाबरलेली होती. तिचे वडील, कवी शार्ल दोर्लेआँ, आजँकूरपासून इंग्रजांच्या कैदेत होते, १४ वर्षं. नवरा आत्ताच सुटून आला होता, घर धुऊन निघालं होतं, आणि आता पुन्हा लढाई. जोनने तिला शब्द दिला की घाबरू नका, मी यांना धडधाकट परत आणीन.

जूनमध्ये राजाने जाँला सेनापती केलं. जार्जोच्या वेढ्यात जोन त्याला एकदम म्हणाली, इथून बाजूला व्हा, ती तटावरची तोफ तुमचा जीव घेईल. तो सरकला. थोड्याच वेळात त्याच जागी दुसऱ्या एका सरदाराचा जीव गेला. मग हल्ल्याची वेळ आली आणि जाँ कचरला, तेव्हा तिने विचारलं, घाबरलात का? तुमच्या बायकोला मी शब्द दिलाय, विसरलात?

हे सगळं त्याच्याच साक्षीतलं आहे. ४७ वर्षांचा, लढाया मारलेला माणूस शपथेवर सांगतोय की मी घाबरलो होतो आणि एका मुलीने मला धीर दिला. स्वतःला वर चढवायची संधी असताना त्याने ती घेतली नाही. म्हणून मला ती साक्ष खरी वाटते.

१८ जूनला पातेची लढाई जिंकली. १७ जुलैला रँसच्या कॅथीड्रलमध्ये सातव्या शार्लला राज्याभिषेक झाला. त्या दिवशी राजाला ‘नाइट’ करण्याचा मान जाँचा होता. व्हेर्नयमध्ये सगळं गमावलेल्या मुलाने पाच वर्षांनी राजाच्या खांद्यावर तलवार टेकवली.

याहून वर तो पुढे कधी गेला नाही.

*

सप्टेंबरात पॅरिसवरचा हल्ला फसला. जोनच्या मांडीत बाण घुसला. दुसऱ्या बाजूने हल्ला करता यावा म्हणून जाँने सँ-दनीजवळ सीन नदीवर पूल बांधवून घेतला होता. राजाने तो रातोरात तोडायला लावला. राजाला आता लढाई नको होती, तह हवा होता. फौज मोडली. जाँने जोनला बरोबर घेऊन नॉर्मंडीत, आपल्या गेलेल्या मुलखात, मोहीम काढायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. दोघं पुन्हा भेटले नाहीत.

जाँच्या पदरी असलेल्या पर्सव्हाल द कान्यी नावाच्या माणसाने १४३०च्या दशकात या घराण्याची बखर लिहिली. तोडलेल्या पुलाची सल तिच्यात आहे. बखर जाँ तिशीत येण्याच्या सुमारास संपते, त्यामुळे तिच्यात फक्त देखणा ड्यूक आहे. पुढचा जाँ सरकारी कागदांत सापडतो, तक्रारींच्या आणि आरोपांच्या रूपात.

तक्रारी पैशाच्या होत्या. आईचा ठरलेला हुंडा ब्रिटनीच्या मामाने पूर्ण दिलाच नव्हता. १४३१ साली जाँने वैतागून मामाच्या मुख्य मंत्र्यालाच पळवून कोंडून ठेवलं. हा मंत्री नाँतचा बिशपही होता. मामाने फौज आणून पूआँसेच्या किल्ल्याला वेढा घातला. आत जाँची आई आणि बायको. म्हणजे ज्या बहिणीचा हुंडा द्यायचा बाकी, तिलाच भावाने वेढ्यात अडकवलं. शेवटी समझोता झाला. १४३२ साली जान वारली. मूलबाळ नव्हतं.

१४४० साली काही बड्या सरदारांनी राजाविरुद्ध बंड केलं. त्यात जाँ होता. बंडाचा चेहरा होता राजाचा स्वतःचा १६ वर्षांचा मुलगा लुई. या लुईच्या बाप्तिस्म्याला १४२३ साली धर्मपिता म्हणून उभा राहिला होता १४ वर्षांचा जाँ. बंड चिरडलं, माफी मिळाली. पण दरबारातलं जाँचं वजन गेलं ते गेलंच.

मग १४४९. इंग्रजांच्या पगारातल्या एका अरागोनी सरदाराने तह मोडून एक शहर लुटलं. ते कारण धरून सातव्या शार्लने नॉर्मंडीवर चढाई केली आणि एका वर्षात इंग्रजांना तिथून हाकललं. लुटलेलं शहर कुठलं? फूजेर. जाँने स्वतःच्या सुटकेसाठी विकलेलं शहर. त्या लढाईत आलाँसों त्याला परत मिळालं. फूजेर मामाच्या घराण्याकडेच राहिलं. २५ वर्षांची नासाडी, खंडणी, विकलेली जमीन यांची भरपाई कोणी केली नाही. राजाच्या लेखी असं काही देणं नव्हतंच. निष्ठा दाखवलीस, ते तुझं कर्तव्य होतं.

आणि नॉर्मंडीतून इंग्रज गेल्यावर पाच-सहा वर्षांत जाँने त्यांना निरोप धाडला की परत या, मी मदत करतो.

*

आमच्या आजोळी ‘फितूर’ हा शब्द इतिहासाच्या पुस्तकातला नव्हता. तो माझ्या आजोबांचा होता. आईचे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो.

तात्या दोन भावांतले धाकटे. थोरल्याच्या शिक्षणासाठी तात्यांनी बैलजोडी विकली आणि स्वतः लोकांच्या शेतावर राबले. थोरले शिकले, शहरात नोकरीला लागले. पणजोबा वारल्यावर वाटणी झाली. विहिरीची बागायत थोरल्यांकडे गेली आणि तात्यांना माळ मिळाला. तात्या काही बोलले नाहीत. बरीच वर्षं बोलले नाहीत. मग एका वाटेवरून भावकीचा आणि शेजारच्या घराचा दावा लागला, तेव्हा तात्या कोर्टात उभे राहिले आणि त्यांनी शेजाऱ्यांच्या बाजूने साक्ष दिली. भावकी दावा हरली.

त्या दिवसापासून ते फितूर. आईच्या लग्नाला भावकीतलं एकही माणूस आलं नाही. शाळेत तिला ‘फितुराची पोर’ म्हणायचे, हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

तात्या गेल्यावर मी आजीला विचारलं होतं, साक्ष खरी होती का खोटी?

आजी म्हणाली, “खरी हुती का खोटी, ते कुणी इचारलंच न्हाई. बैल इकलं ते खरं हुतं.”

जाँच्या मागे मी इतके महिने का लागलो, याचं उत्तर बहुतेक या वाक्यात आहे. फितुरी म्हटलं की आपण लालूच शोधतो. शत्रूने किती दिले, काय कबूल केलं? पण काही फितुऱ्या थकबाकीतून होतात. माणूस वर्षानुवर्षं मनात जमाखर्च मांडत राहतो आणि समोरच्याकडे तसली वहीच नसते. एकाच्या लेखी जी उधारी असते, ती दुसऱ्याच्या लेखी घडलेलीच नसते. मग एक दिवस पहिला माणूस वसुलीला निघतो, आणि रस्ता असा धरतो की त्यानंतर त्याचा जुना जमाखर्च कुणी कधी उघडून बघत नाही.

पण तात्या आणि जाँ यांच्यात मोठा फरक आहे. तात्यांच्या साक्षीने भावकीची एक वाट गेली. जाँचा बेत तडीस गेला असता तर नॉर्मंडीत पुन्हा परदेशी फौज उतरली असती. त्या मुलखाने ३० वर्षं इंग्रजी अंमल सोसला होता, आणि युद्धात जे जळतं ते गरिबांचं शेत आणि घर असतं. त्यांच्या उभ्या पिकांचा हिशोब ना राजाच्या वहीत होता ना ड्यूकच्या. फूजेर विकलं गेलं तेव्हाही तिथल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. जाँवर अन्याय झाला, हे खरं आहे. आणि त्या अन्यायाची किंमत तो तिसऱ्याच्या खिशातून वसूल करायला निघाला होता, हेही तितकंच खरं आहे.

*

जाँ राजरक्ताचा आणि फ्रान्सचा ‘पीअर’. त्याचा न्याय साध्या न्यायाधीशांनी करून चालणार नव्हतं. १४५८ साली राजाने त्यासाठी वाँदोमच्या किल्ल्यात खास दरबार भरवला.

या दरबाराचं एक चित्र आहे. जाँ फूके या त्या काळच्या मोठ्या फ्रेंच चित्रकाराने काढलेलं, आता म्युनिकच्या ग्रंथालयात. फोनवर उघडलं की बोटांनी हवं तितकं मोठं करता येतं. शंकरपाळ्याच्या आकारात मांडलेली आसनं. वरच्या टोकाला निळ्या वस्त्रातला राजा. भिंतींवर लाल, पांढरे, हिरवे पडदे, कारण ते राजाचे रंग. दोन्ही बाजूंना सरदार, धर्मगुरू, कायदेपंडित. खाली कठड्याबाहेर बघ्यांची गर्दी, एकमेकांना ढकलणारी, आणि तिला आवरणारे शिपाई. शेकडो डोकी, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा.

मी एकेक चेहरा मोठा करून आरोपी शोधत बसलो. तो चित्रात नाहीच. ज्याच्यासाठी एवढा मांडव घातला, त्याला त्यात जागा नाही.

हे चित्र एका पुस्तकाच्या सुरुवातीला आहे. बोकाच्चोच्या ग्रंथाचा तो फ्रेंच अनुवाद. विषय, थोरामोठ्यांचं पतन. उंचावरून खाली कोसळलेल्या माणसांच्या त्या गोष्टी. ही प्रत १४५८च्याच नोव्हेंबरात पुरी झाली. निकाल लागून दीड महिनाही झाला नव्हता आणि जाँ उदाहरण झाला होता.

त्या दरबारात त्याच्यासाठी रदबदली करणारे दोघे घरचेच होते. एक, मामा आर्थर. आजँकूरला पकडलेला तोच, आता म्हातारा आणि स्वतः ब्रिटनीचा ड्यूक झालेला. दुसरा, पहिला सासरा, कवी शार्ल दोर्लेआँ. २५ वर्षं इंग्रजांच्या कैदेत काढलेला हा माणूस उभा राहिला आणि त्याने जाँचा जीव वाचवण्यासाठी भाषण केलं. त्याची मुलगी मरून २६ वर्षं झाली होती. जावई म्हणायला तसं नातंही उरलं नव्हतं. पण कैद म्हणजे काय, हे त्या सभेत त्याच्याइतकं कुणाला कळत असेल?

१० ऑक्टोबर १४५८ रोजी निकाल लागला. मृत्युदंड, आणि ड्यूकची जहागीर जप्त. मात्र शिक्षेची अंमलबजावणी राजाच्या मर्जीवर. जाँची रवानगी लॉशच्या किल्ल्यात झाली. दुसरी बायको मारी आणि दोन मुलांसाठी थोडंफार राहू दिलं. मुलगी सहा वर्षांची, मुलगा रने चारचा.

*

१४६१ साली सातवा शार्ल वारला आणि लुई गादीवर आला. अकरावा लुई. जाँचा धर्मपुत्र, जुन्या बंडातला साथीदार. त्याने आल्या आल्या जाँला सोडलं, सगळं परत दिलं. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

पण बंडखोर मुलगा राजा झाला की त्याला बंडाच्या सगळ्या वाटा आधीच ठाऊक असतात. लुईने सरदारांना आवळायला घेतलं आणि जाँ पुन्हा विरोधकांत गेला. या वेळी एक नवी गोष्ट घडली. बापाने ब्रिटनीच्या फौजेला आलाँसोंची दारं उघडून दिली, आणि मुलाने, रनेने, तो किल्ला राजाच्या हवाली केला. रने तेव्हा अजून मिसरूड फुटायच्या वयाचा. बापाच्या बंडाची किंमत त्याने लहानपणीच बघितली होती. त्याने ठरवलं असणार, आपण शहाण्यासारखं वागायचं.

जाँ पुन्हा पकडला गेला. १८ जुलै १४७४ रोजी त्याला दुसऱ्यांदा मृत्युदंड झाला. या वेळी राजा होता त्याचा धर्मपुत्र. याही वेळी मान उडवली नाही. १४७६ साली तो पॅरिसमध्ये वारला. दोन राजांनी दोनदा मरणाची शिक्षा दिलेला माणूस अंथरुणावर मेला.

शहाण्यासारखं वागलेल्या रनेचं काय झालं? १४८१ साली लुईला त्याचाही संशय आला. हाही बापाचाच मुलगा, हाही ब्रिटनीला पळून जाणार. त्याला पकडलं आणि लोखंडी पिंजऱ्यात घातलं. नीट उभं राहता येऊ नये इतका लहान पिंजरा. कित्येक आठवडे तो त्यात होता, जेवण गजांतून आत यायचं. पिंजरा ठेवला होता शिनोंच्या किल्ल्यात, जिथे ५२ वर्षांपूर्वी एका मुलीने त्याच्या बापाला बघून म्हटलं होतं, राजरक्ताची जितकी माणसं येतील तितकं चांगलं.

फितुराच्या मुलाने कितीही निष्ठा दाखवली तरी ती त्याच्या खात्यावर जमा होत नाही. माझ्या आईला हे कुणी इतिहासातून शिकवायची गरज नव्हती.

*

१४८३ साली लुई मेल्यावर रनेला सगळं परत मिळालं. १४८८ साली त्याने लॉरेनच्या मार्गरीतशी लग्न केलं. चारच वर्षांत तो वारला, मागे तीन लहान मुलं. घराण्याची पडझड थांबवली ती या मार्गरीतने. तिने कर्जं फेडली, जहागिरीचा कारभार हातात घेतला, मुलं वाढवली, त्यांची लग्नं लावली. मग सगळं सोडून आर्जाँताँला जोगीण झाली, जिथे तिच्या सासऱ्याचा जन्म झाला होता. ती १५२१ साली तिथेच वारली. ४०० वर्षांनी, १९२१ साली, चर्चने तिला ‘धन्य’ म्हणून जाहीर केलं. जाँची बंडं आणि खटले यांवर इतकी पानं खर्ची पडतात. त्या मानाने कर्ज फेडत बसलेल्या सुनेची गोष्ट सांगायला कुणाला फारसा वेळ नसतो.

तिचा मुलगा शार्ल १५२५च्या पाव्हियाच्या लढाईतून जिवंत परतला. पण त्या लढाईत खुद्द राजाच कैद झाला होता, त्यामुळे जिवंत परतणं हाच त्याचा गुन्हा ठरला. दोन महिन्यांच्या आत तो वारला. मूल नव्हतं. आलाँसोंच्या ड्यूकांची ही पाती संपली.

पुरुषांची संपली. मार्गरीतची मुलगी फ्राँस्वाझ बूर्बों घराण्यात दिली होती. तिचा मुलगा आंत्वान, आणि त्याचा मुलगा १५८९ साली चौथा हेन्री म्हणून फ्रान्सच्या गादीवर बसला. पुढचे सगळे बूर्बों राजे, सूर्यराजा म्हणवणारा चौदावा लुईसुद्धा, दोनदा मृत्युदंड झालेल्या जाँचे वंशज.

फ्राँस्वाझला सासरचं जे ठिकाण मिळालं, ते वाँदोम. १५१५पासून ती तिथली डचेस. ज्या किल्ल्यात आजोबाला मरणाची शिक्षा सुनावली, त्या किल्ल्याच्या किल्ल्या नातीच्या हातात आल्या. तिला पुरलंही तिथेच, किल्ल्याच्या आवारातल्या देवळात. फूकेच्या चित्रात आजोबाला मिळाली नव्हती, ती जागा.